महामारींत विद्यापीठाचें संशोधन कसें जगतें?

तहान लागल्यावर विहीर खणणें हें शहाणपणाचें लक्षण नव्हे, असें आमच्या बालवाचकांनीं घरच्या वडील मंडळींच्या तोंडून पुष्कळ वेळां ऐकिलें असेल. शेतकऱ्याच्या बाबतींत जें खरें, तेंच विद्येच्या बाबतींतही खरें आहे, याचा प्रत्यय सर्व जगास २०२० सालीं आला. कोव्हिड नांवाच्या साथीनें त्या वर्षीं शाळा, कचेऱ्या, बाजार व प्रार्थनामंदिरें यांचे दरवाजे बंद केले. विद्यापीठेंही त्यांतून सुटलीं नाहींत. परंतु चमत्कार असा कीं, ज्या विद्यापीठांना कुलूप घालावें लागलें, त्यांच्याच तोंडाकडे सारें जग रोगावरील उपायासाठीं पाहत होतें. घर बंद करावयाचें आणि आंतला दिवा मात्र विझूं द्यावयाचा नाहीं, असा हा पेंच होता. इंग्लंडांतील ऑक्सफर्ड विद्यापीठानें हा पेंच कसा सोडविला व तो सोडवितांना काय काय गमाविलें, हें प्रस्तुत लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आरंभीं एका गोष्टीचा खुलासा करणें अवश्य आहे. विद्यापीठ म्हटलें कीं व्याख्यानें, परीक्षा व पदव्या एवढेंच बहुतेकांच्या डोळ्यांपुढें येतें. परंतु तेथील अध्यापकांस दुसरेंही एक काम असतें. जें ज्ञान अद्याप कोणत्याच पुस्तकांत लिहिलेलें नाहीं, तें शोधून काढणें व कसोटीला लावणें, यास संशोधन म्हणतात. अध्यापन कांहीं महिने खंडित झालें, तर तें पुढें बरेंचसें भरून काढतां येतें. घरीं बसून यंत्राच्या पडद्यावर शिकण्याचा अनुभव त्या वर्षीं आपल्याकडील हजारों विद्यार्थ्यांनीं घेतला. संशोधनाचें तसें नाहीं. त्याचा धागा एकदां तुटला म्हणजे कित्येकदां वर्षानुवर्षांची मेहनत वायां जाते.

साथीमुळें विद्यापीठ बंद पडण्याचा प्रसंग २०२० सालीं प्रथमच आला असें मात्र नाहीं. १६६५ सालीं लंडन शहरांत प्लेगनें हाहाकार उडविला. त्या वर्षींच्या सरकारी नोंदींतच प्लेगचे सुमारें ६८ हजार मृत्यु आढळतात. तेव्हां केंब्रिज विद्यापीठानें आपले दरवाजे बंद करून विद्यार्थ्यांस घरोघर पाठविलें. त्यांत आयझॅक न्यूटन नांवाचा २२ वर्षांचा तरुण होता. तो लिंकनशायर परगण्यांतील वुल्स्थॉर्प या खेड्यांत आपल्या आईच्या घरीं गेला, आणि मधले थोडे महिने वगळतां १६६७ सालापर्यंत तेथेंच राहिला. या अवधींत त्यानें गणिताच्या एका नव्या शाखेचा पाया घातला, प्रकाशाच्या रंगांचा विचार चालविला, आणि चंद्रास पृथ्वीभोंवतीं खेंचून धरणाऱ्या शक्तीविषयीं गणित मांडण्यास आरंभ केला. ही हकीकत सांगून पुष्कळ लोक म्हणतात, "पाहा, घरीं बसूनसुद्धां केवढें काम करितां येतें!" परंतु असें म्हणतांना ते दोन गोष्टी विसरतात. एक ही कीं, न्यूटननें गणिताचा कसून अभ्यास घरीं जाण्यापूर्वींच, १६६४ सालीं, केंब्रिज येथें सुरू केला होता; एकांतांत हातीं आलेलें पीक आधींच पेरलेलें होतें. दुसरी ही कीं, कागद, शाई, एखादा कांचेचा लोलक व खिडकीच्या झडपेस पाडलेलें एक भोंक, एवढी सामग्री त्याच्या कामास पुरेशी होती. आजच्या संशोधकास आपली प्रयोगशाळा पेटींत भरून खेड्यांत नेतां येत नाहीं.

आतां ऑक्सफर्डकडे वळूं. २३ मार्च २०२० रोजीं इंग्लंडच्या पंतप्रधानांनीं सर्व प्रजेस घरांतच राहण्याचा हुकूम सोडला. आठशें वर्षांहून अधिक जुन्या अशा त्या विद्यापीठाच्या इमारती ओस पडल्या. बोडलियन या तेथील सुप्रसिद्ध ग्रंथालयाचीं वाचनदालनें बंद झालीं. अशा वेळीं विद्यापीठापुढें पहिला प्रश्न येतो तो निवडीचा. सर्वच कामें चालूं ठेविलीं तर रोग फैलावतो, आणि सर्वच थांबविलीं तर ज्ञानाची हानि होते. म्हणून कामांचे ढोबळ मानानें तीन वर्ग पाडावे लागले. पहिला वर्ग घरीं नेतां येण्याजोग्या कामांचा. गणित, इतिहास, तत्त्वज्ञान यांचे अभ्यासक टिपणें व संगणक घेऊन घरीं बसले. ग्रंथालयानें यंत्राच्या द्वारें पाहतां येतील तेवढे ग्रंथ त्यांना उपलब्ध करून दिले. दुसरा वर्ग थांबविण्याजोग्या कामांचा. परदेशीं जाऊन करावयाच्या पाहण्या, जुन्या दप्तरखान्यांतील शोध व प्रयोगशाळांतील बहुतेक प्रयोग त्यांत मोडले. तिसरा वर्ग कोणत्याही परिस्थितींत थांबवितां न येणाऱ्या कामांचा; त्यांत एकीकडे खुद्द कोव्हिडसंबंधींचें संशोधन येत होतें, आणि दुसरीकडे सजीव वस्तूंची निगा.

या निगेविषयीं वर्तमानपत्रांत फारच थोडें छापून आलें, म्हणून त्याविषयीं चार शब्द अधिक लिहितों. रोगांचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळेंत शरीराच्या सूक्ष्म पेशी कांचेच्या व प्लॅस्टिकच्या भांड्यांत वाढविलेल्या असतात. त्यांना दर दोनतीन दिवसांनीं ताजें पोषकद्रव्य घालावें लागतें. तें न घातलें तर त्या मरतात. कांहीं पेशी गोठवून द्रवरूप नत्रवायूंत ठेवितात. त्याचें उष्णमान शून्याखालीं १९६ अंश असतें, आणि तो वायु हळूहळू उडून जात असल्यामुळें टांक्या वेळोवेळीं भरत राहाव्या लागतात. शिवाय उंदीर असतात. एखाद्या विशिष्ट रोगाच्या अभ्यासासाठीं उंदरांचें एक कूळ तयार करावयास वर्षें लागतात. त्यांना रोज दाणापाणी व स्वच्छ पिंजरा हवा. महामारीची सुटी त्यांना समजत नाहीं. त्या काळीं जगांतील अनेक विद्यापीठांस माणसें कमी पडल्यामुळें उंदरांची संख्या मोठ्या प्रमाणावर घटवावी लागली, आणि कित्येक कुळें केवळ गोठविलेल्या बीजाच्या रूपानें शिल्लक ठेवावीं लागलीं. ज्या प्रयोगशाळा पुढें लवकर उभ्या राहिल्या, त्या ओस पडलेल्या इमारतींत पाळीपाळीनें येऊन टांक्या भरणाऱ्या व पिंजरे धुणाऱ्या सेवकांच्या बळावर उभ्या राहिल्या. त्यांचीं नांवें कोणत्याही शोधाच्या मथळ्यावर आलीं नाहींत.

बीज जपण्याची ही रीत ऑक्सफर्डला नवी नव्हती. ८० वर्षांपूर्वीं, दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन धामधुमींत, याच नगरांत फ्लोरी, चेन व हीटली हे शास्त्रज्ञ पेनिसिलिनवर काम करीत होते. २५ मे १९४० रोजीं त्यांनीं ८ उंदरांस घातक जंतु टोंचले व त्यांपैकीं ४ उंदरांस पेनिसिलिन दिलें. तेवढे चारच वांचले. त्याच सुमारास जर्मन फौजा इंग्लंडवर उतरतील अशी धास्ती होती. तेव्हां या मंडळींनीं त्या बुरशीचें बीज आपल्या अंगरख्यांच्या अस्तरास चोळून ठेविलें. प्रयोगशाळा नष्ट करावी लागली, तरी एकटा मनुष्य निसटला तर त्याच्या कपड्यांबरोबर संशोधनही निसटावें, हा त्यांतील हेतु. भांडीं मिळेनात म्हणून रुग्णालयांतील शौचपात्रांत त्यांनीं बुरशी वाढविली. संकटकाळीं संशोधन जगविण्याचें याहून सोपें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

आतां लशीची गोष्ट पाहूं. जानेवारी २०२० च्या दुसऱ्या आठवड्यांत चीनमधील शास्त्रज्ञांनीं नव्या विषाणूची जनुकीय लिपि जगापुढें ठेविली. ऑक्सफर्डच्या जेन्नर इन्स्टिट्यूटमधील सारा गिल्बर्ट व त्यांचे सहकारी यांनीं लगेच लशीची आंखणी केली, आणि २३ एप्रिल २०२० रोजीं पहिल्या स्वयंसेवकास ती टोंचण्यांत आली. लशीला एरवीं दहादहा वर्षें लागतात, आणि येथें चार महिन्यांच्या आंत मनुष्यावर प्रयोग सुरू झाला! ही घाई नव्हे काय, असा प्रश्न पुष्कळ पालकांच्या मनांत त्या वेळीं आला असेल, व तो येणें रास्त होतें. त्याचें उत्तर असें कीं, ही विहीर आधींच खणलेली होती. चिंपांझी माकडांना होणाऱ्या सर्दीचा एक विषाणु घेऊन, त्याची वाढ होऊं नये अशी व्यवस्था करून, तो निरोप पोंचविणाऱ्या दूतासारखा वापरावयाचा, ही युक्ति त्या संस्थेंत कित्येक वर्षांपूर्वींच सिद्ध झाली होती. टपालवाला ठरलेला, रोगाप्रमाणें त्याच्या पिशवींतील पत्र तेवढें बदलावयाचें. कोव्हिडच्याच जातीचा मर्स नांवाचा एक रोग २०१२ सालीं अरबस्तानांत आढळला होता. त्यावरील लस याच पद्धतीनें तयार होऊन तिचा मनुष्यावरील पहिला प्रयोग २०१८ सालीं ऑक्सफर्ड येथेंच सुरू झाला होता. शिवाय २०१४ ते २०१६ या काळांत पश्चिम आफ्रिकेंत इबोलाची साथ आली, त्या वेळीं लशीचा गुण सिद्ध होईपर्यंत साथ ओसरत आली होती. तो धडा या मंडळींच्या स्मरणांत होता.

काळ वांचला तो परीक्षेंतील पायऱ्या गाळून नव्हे, तर पायऱ्यांमधील रिकामा वेळ काढून टाकल्यामुळें. एरवीं एक प्रयोग संपावयाचा, मग पैशासाठीं अर्ज करावयाचा, त्याचें उत्तर येईपर्यंत थांबावयाचें, असा क्रम असतो. या वेळीं एक पायरी चढत असतांनाच पुढच्या पायरीची तयारी व परवानगीचे कागद सिद्ध होत होते. पहिल्या टप्प्यांत १,०७७ निरोगी माणसांनीं आपण होऊन दंड पुढें केला. त्यांतील निम्म्यांना ही लस व उरलेल्यांना दुसरीच एक लस देण्यांत आली, म्हणजे तुलना करितां यावी. पुढें ब्रिटन, ब्राझील व दक्षिण आफ्रिका या देशांत हजारों लोकांवर परीक्षा झाली, आणि ३० डिसेंबर २०२० रोजीं ब्रिटनमध्यें लशीस परवानगी मिळाली.

येथें आपल्या प्रांताचा संबंध येतो. विद्यापीठ लस शोधूं शकतें, पण कोट्यवधि लोकांस पुरेल इतकी ती करूं शकत नाहीं. तें काम ज्यांनीं अंगावर घेतलें, त्यांत पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट ही संस्था प्रमुख होती. १९६६ सालीं स्थापन झालेल्या या कारखान्यानें परवानगी मिळण्यापूर्वींच, आपल्या जोखमीवर, लशीच्या कुप्या भरून ठेवण्यास आरंभ केला. परवानगी न मिळती तर तो सर्व माल फेंकून द्यावा लागता. ३ जानेवारी २०२१ रोजीं भारत सरकारची संमति जाहीर झाली, आणि १६ जानेवारीपासून देशभर लसीकरण सुरू झालें. आमच्या वाचकांच्या घरांतील वडील माणसांनीं कोव्हिशील्ड म्हणून जी लस घेतली, ती हीच. परीक्षा तेथेंही संपली नाहीं. फार थोड्या लोकांत या लशीनंतर रक्त गोठण्याचा एक दुर्मिळ परंतु घातक विकार होतो, असें २०२१ सालीं आढळून आलें, आणि ब्रिटनमध्यें ४० वर्षांखालील लोकांस शक्यतों दुसरी लस देण्याचें ठरलें. आपल्याच कामांतील दोष डोळ्यांत तेल घालून शोधणें हाही संशोधनाचाच भाग होय.

लशीहूनही कमी गाजलेलें, पण आमच्या मतें तितकेंच मोठें, असें दुसरें एक काम याच विद्यापीठानें केलें. साथीच्या आरंभीं रोग्यांस कोणतें औषध द्यावें हें कोणासही ठाऊक नव्हतें. रोगी डोळ्यांसमोर तडफडत असतां वैद्याचा हात मिळेल त्या औषधाकडे जातो, हें स्वाभाविक आहे. हिंवतापावरील हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हें औषध त्या वेळीं अनेक देशांत केवळ आशेवर दिलें जात होतें. पीटर हॉर्बी व मार्टिन लँड्रे या ऑक्सफर्डच्या दोन अध्यापकांनीं असें ठरविलें कीं, अंदाजानें औषध देण्यापेक्षां देतां देतांच शिकावें. त्यांनीं 'रिकव्हरी' नांवाची पाहणी उभारली. पहिल्या मसुद्यापासून पहिला रोगी दाखल होईपर्यंत अवघे ९ दिवस लागले. रोग्याच्या संमतीनें, नाणें उडवावें त्याप्रमाणें संगणकानें चिठ्ठी काढावयाची; कांहींस नेहमींचे उपचार, व कांहींस त्यांजबरोबर एक औषध. मग २८ दिवसांनीं किती वांचले हें मोजावयाचें. वैद्य व परिचारिका थकून गेलेल्या असल्यामुळें नोंदीचे कागद अगदीं थोडे ठेविले होते.

यांतून काय निघालें? हायड्रॉक्सिक्लोरोक्विन दिलेल्या रोग्यांपैकीं शेंकडा २७ दगावले, व न दिलेल्यांपैकीं शेंकडा २५. म्हणजे ज्यावर जगानें आशा ठेविली होती, त्या औषधाचा रुग्णालयांतील रोग्यांस कांहीं उपयोग नव्हता. उलट डेक्सामेथासोन या जुन्या व स्वस्त औषधानें, यंत्राच्या साह्यानें श्वास घेणाऱ्या रोग्यांतील मृत्यूंचें प्रमाण शेंकडा सुमारें ४१ वरून २९ वर आणिलें. ज्यांना प्राणवायूची गरज नव्हती त्यांना मात्र त्याचा लाभ दिसला नाहीं. १६ जून २०२० रोजीं हा निकाल जाहीर झाला, आणि जगांतील रुग्णालयांतील उपचार बदलले. मार्च २०२१ पर्यंत या औषधामुळें जगांत सुमारें १० लक्ष लोकांचे प्राण वांचले असावे, असा इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्यसेवेचा अंदाज आहे. चिठ्ठी काढून औषध देणें वरवर निष्ठुर वाटतें. परंतु तसें केलें नसतें, तर निरुपयोगी औषध देत राहण्याची निष्ठुरता न कळत चालूंच राहिली असती.

येथवर कोव्हिडसंबंधीं झालें. परंतु इतर रोग कोव्हिडसाठीं थांबले नव्हते. हिंवतापानें २०२० सालीं जगांत सहा लक्षांहून अधिक माणसें दगावलीं. त्यांत आफ्रिकेंतील पांच वर्षांखालील मुलांचीच भरती अधिक. त्या रोगावर आर-२१ नांवाची लस ऑक्सफर्डच्या त्याच संस्थेंत तयार झाली होती, आणि बुर्किना फासो या देशांतील नानोरो येथें २०१९ सालापासून ४५० बालकांवर तिची परीक्षा चालली होती. एक वर्षानें त्यांना चौथी मात्रा द्यावयाची होती, आणि तें वर्ष नेमकें महामारीचें निघालें. तेथील स्थानिक शास्त्रज्ञ व परिचारिका यांनीं तें काम सोडलें नाहीं. २०२१ सालीं निकाल आला: अधिक शक्तीची मात्रा मिळालेल्या बालकांत लशीचा गुण पहिल्या वर्षांत शेंकडा ७७ दिसून आला. पुढें ऑक्टोबर २०२३ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें तिची शिफारस केली, आणि ती लसही पुण्याच्या त्याच कारखान्यांत तयार होते. एका साथीच्या गर्दींत दुसऱ्या रोगाचें काम सोडून दिलें असतें, तर या बालकांचीं आणखी कांहीं वर्षें फुकट गेलीं असतीं.

तथापि सर्वच दिवे तेवत राहिले असें सांगणें सत्यास धरून होणार नाहीं. विद्यापीठांतील बरेंचसें संशोधन तरुण विद्यार्थी करितात, आणि त्यांची शिष्यवृत्ति तीनचार वर्षांची ठरलेली असते. प्रयोगशाळा बंद असल्या तरी ती मुदत घड्याळाप्रमाणें सरतच होती. ब्रिटनच्या सरकारी संशोधन-संस्थेनें शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांस सहा महिन्यांपर्यंत वाढीव मदत देऊं केली; अलीकडच्या वर्षांतील पुष्कळांना मात्र आपले विषयच लहान करून घेण्याचा सल्ला मिळाला. ज्यांचें काम दूर देशांतील रानावनांत किंवा परकीय दप्तरखान्यांत होतें, त्यांचा एक संपूर्ण हंगाम बुडाला. आणि हंगाम परत येत नाहीं. लहान मुलें असलेल्या संशोधकांचा, विशेषतः मातांचा, कामाचा वेळ सर्वांत अधिक घटला, असें त्या काळच्या पाहण्यांत दिसून आलें. पाळणाघरें बंद, शाळा बंद, आणि एका हातानें मूल सांभाळीत दुसऱ्या हातानें गणित मांडावयाचें, ही स्थिति आमच्या वाचक भगिनींस समजावून सांगण्याची गरज नाहीं. जें संशोधन यामुळें झालेंच नाहीं, त्याची यादी कोणासही करितां यावयाची नाहीं.

या सर्वांतून निघणारा बोध आम्हीं पालकांपुढें व विद्यार्थ्यांपुढें ठेवितों. मुलगा किंवा मुलगी एखाद्या विषयाच्या नादीं लागली कीं, "याचा उपयोग काय?" असा प्रश्न आपण सहज विचारतों. माकडाच्या सर्दीच्या विषाणूचा अभ्यास करणाऱ्यास दहा वर्षांपूर्वीं कोणीं हाच प्रश्न विचारला असता, तर त्यास पुण्याच्या कारखान्याचें किंवा आपल्या आजीच्या दंडावरील सुईचें नांव घेतां आलें नसतें. उपयोगाचा दिवस आधीं कळत नाहीं. म्हणून काम आधीं करून ठेवावें लागतें, आणि अडचणीच्या दिवसांत तें सांभाळावें लागतें. त्यासाठीं मोठी प्रयोगशाळाच पाहिजे असें नाहीं. ज्या विद्यार्थ्यास प्रयोगवहींत दिसेल तेंच लिहिण्याची, आवडतें उत्तर चुकीचें ठरल्यास तें खोडण्याची, आणि परीक्षा नसतांनाही वही पुढें चालविण्याची संवय लागली, त्यानें संशोधनाचा निम्मा भाग आपल्या याच शाळेंत शिकून घेतला असें समजावें.